आधी मशीनचा झोल काढा, मग आकडा लावा

लहान वर्कशॉप चालवणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांचा धंदा पूर्वी नमुन्यावर चालत असे. गिऱ्हाईक तुटलेला भाग हातात घेऊन यायचे, ‘असाच करून द्या’ म्हणायचे आणि उस्ताद तो करून द्यायचे. यंत्रमागाचा सुटा भाग असो, पंपाचे झाकण असो की प्लास्टिकच्या डायची प्लेट असो, नमुना आणि हाताचे कसब एवढ्यावर काम भागत होते. आता गिऱ्हाईक कागद घेऊन येते. कागदावर दोन भोकांमधले अंतर ४२.५० मिलिमीटर लिहिलेले असते आणि त्यापुढे अधिक-उणे ०.०५ असा शेरा असतो. माल घेताना ते मोजून घेतले जाते. माप चुकले की माल परत येतो, लोखंडाची किंमत जाते, मजुरी जाते आणि पुढची ऑर्डर दुसऱ्याच्या दारात जाते.

अशा वेळी आमच्या ओळखीचे अनेक कारखानदार दोनच वाटा बोलून दाखवतात. एक, लाखो रुपयांचे सीएनसी मशीन घ्यायचे आणि हप्त्यांच्या ओझ्याखाली जगायचे. दुसरी, बारीक मापाचे काम सोडून द्यायचे आणि फक्त ढोबळ कामावर समाधान मानायचे. आमच्या मते या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी वाट आहे. आहे त्याच लहान मिलिंग मशीनवर टेबलाची जागा आकड्यात दाखवणारे यंत्र बसवावे. त्याला डिजिटल रीडआउट म्हणतात, बाजारात ‘डीआरओ’ या नावाने ते मिळते. पण ही वाट कोणी डोळे झाकून धरावी असेही आमचे म्हणणे नाही. घेण्याआधी काय करावे, विकणाऱ्याने काय सांगावे आणि कोणी हे घेऊच नये, हे सगळे आज मांडायचे आहे.

डायलवर विश्वास का ठेवता येत नाही

साध्या मिलिंग मशीनवर हँडल फिरवले की स्क्रू फिरतो, स्क्रूच्या नटासोबत टेबल सरकते. हँडलजवळच्या डायलवर रेघा असतात. समजा स्क्रूचा एक फेरा म्हणजे २ मिलिमीटर. टेबल ३४.६४ मिलिमीटर न्यायचे असेल तर १७ पूर्ण फेरे आणि वर ०.६४ एवढे मोजावे लागते. मधे कोणी हाक मारली, चहा आला, फोन वाजला आणि एक फेरा चुकला, की भोक थेट २ मिलिमीटर बाजूला पडते. तो तुकडा भंगारात.

फेरा न चुकताही दुसरा दोष उरतोच. स्क्रू आणि नट यांच्यामध्ये थोडी मोकळीक असतेच. तिला कोणी बॅकलॅश म्हणतात, कोणी प्ले म्हणतात, आपल्या बोलीत झोल म्हणतात. हँडल उलटे फिरवायला लागले की आधी हा झोल संपतो, मगच टेबल हलते. डायल मात्र तेवढ्यात पुढे गेलेली असते. म्हणून उस्ताद शागिर्दाला पहिल्याच दिवशी शिकवतात की, मापावर नेहमी एकाच बाजूने यायचे. पुढे गेलास तर बराच मागे जा आणि पुन्हा त्याच बाजूने ये. हा नियम सोन्यासारखा आहे. पण दिवसभरात ऐंशी-शंभर वेळा तो पाळायचा म्हणजे वेळ जातो आणि दुपारनंतर थकलेला माणूस एखाद्या वेळी तो विसरतो.

डीआरओची मोजणी स्क्रूवरून होत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. एक मोजपट्टी सरकणाऱ्या भागावर बसते आणि ती वाचणारे हेड स्थिर भागावर बसते, किंवा याच्या उलट. टेबल खरोखर जेवढे हलले तेवढेच पडद्यावर दिसते. हँडल कितीही फिरले आणि टेबल हलले नाही, तर आकडाही हलत नाही. फेरे मोजण्याचे काम संपते आणि झोलामुळे होणारी मापाची चूकही संपते.

शौकिनांनी घालून दिलेला धडा

या यंत्राचा इतिहासही आपल्या उपयोगाचा आहे. प्रकाश आणि बारीक रेघांच्या जाळीवरून मशीनची हालचाल मोजण्याचे काम १९५० च्या दशकात स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे फेरांटी कंपनीत झाले. जर्मनीची हायडेनहाइन कंपनी काचेवरील रेघांच्या मोजपट्ट्यांसाठी जगभर ओळखली जाते. सुरुवातीला ही साधने मोठ्या कारखान्यांच्याच आवाक्यात होती. लहान माणसाने त्याचा विचारही करू नये अशी किंमत होती.

नंतर चीनमधून स्वस्त लहान मिलिंग मशिने आली. शांघायच्या सीग कंपनीचे एक्स२ हे टेबलावर मावणारे मशीन इंग्लंड आणि अमेरिकेत वेगवेगळ्या नावांनी विकले गेले. ते घेणारे बहुतेक लोक शौकीन. दिवसा नोकरी करायची आणि संध्याकाळी घरच्या गॅरेजमध्ये वाफेच्या इंजिनांच्या लहान प्रतिकृती, घड्याळे, बंदिस्त डबे बनवायचे. इंग्लंडमध्ये हा शौक जुना आहे. त्यासाठीचे ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक १८९८ साली सुरू झाले.

या लहान मशीनचे डायल फार त्रासदायक होते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक नगांच्या स्क्रूला इंचाला १६ आटे, म्हणजे एक फेरा ०.०६२५ इंच. फेऱ्यांची बेरीज करताना डोके चक्रावून जावे! उभ्या दिशेने तर मशीनचे डोके दातेरी पट्टीवर वर-खाली होते, त्यामुळे खोलीचे माप धरणे आणखी अवघड. तेव्हा या शौकिनांनी स्वस्त डिजिटल व्हर्निअर घेतले, त्यांचे जबडे कापले आणि पट्टी मशीनला पेचांनी बसवली. पुढे बाजारात याच कामासाठी लांब पट्ट्या मिळू लागल्या आणि तिन्ही अक्षांचे आकडे एकाच पडद्यावर, काही ठिकाणी साध्या अँड्रॉइड टॅबलेटवर, दिसू लागले.

आम्हाला यातून एवढेच सांगायचे आहे की, ज्यांचे पोट या कामावर अवलंबून नव्हते त्यांनी रिकाम्या वेळात ही युक्ती पारखून घेतली. ज्यांचे पोट रोज याच टेबलावर अवलंबून आहे, त्या आपल्या कारागिरांनी ती वापरायला संकोच का करावा? आज यासाठी परदेशाकडे बघायचीही गरज नाही. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिका मेकॅट्रॉनिक सिस्टिम्ससारख्या कंपन्या आपल्याच राज्यात डीआरओ बनवतात. नाव घेतले ते माहितीसाठी, शिफारस म्हणून नव्हे. घेणाऱ्याने दोन-चार ठिकाणी चौकशी करूनच घ्यावे.

आधी मशीन, मग पडदा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. डीआरओ झोल काढत नाही, झोल असूनही खरी जागा दाखवतो. हा फरक न समजता पैसे खर्च केलेले लोक नंतर ‘यंत्र खोटे बोलते’ अशी तक्रार करतात.

स्क्रूमध्ये झोल असेल तर टेबल कटरच्या ओढीने झटक्यात पुढे जाऊ शकते. कटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेला टेबल चालवत कापण्याची पद्धत असेल, तर हा धोका जास्त. पडद्यावरचा आकडा तुम्हाला झटका बसल्याचे सांगेल, पण तोपर्यंत कटरचा दात तुटलेला असेल. म्हणून भोक पाडताना टेबलाचे लॉक आवळण्याची सवय डीआरओ आल्यावरही सोडता येत नाही.

स्लाइड सैल असेल तर चूक आणखी फसवी होते. मोजपट्टी टेबलाच्या मागे असते आणि कटर तिच्यापासून दूर असतो. समजा स्लाइडच्या गिब पट्टीत एवढी ढिलाई आहे की २०० मिलिमीटर लांबीत टेबल ०.०५ ने तिरके होते. कटर पट्टीपासून १५० मिलिमीटर दूर असेल तर तिथे जवळपास ०.०४ मिलिमीटरचा फरक पडतो आणि पडद्यावर त्याचा पत्ताही नसतो. ड्रॉइंगने दिलेली बहुतेक सूट तिथेच संपली. तीच गोष्ट कलत्या डोक्याची. मशीनचे डोके टेबलाला काटकोनात नसेल तर भोक तिरके जाईल, पडदा मात्र शांतपणे बरोबर आकडा दाखवत राहील.

म्हणून आमचा आग्रह असा की, डीआरओचे पैसे बाजूला काढण्याआधी एक सुट्टीचा दिवस मशीनला द्यावा. स्लाइड उघडून साफ करावी, गिब पट्टी जुळवावी, नटाची मोकळीक शक्य तेवढी कमी करावी, स्पिंडलला डायल गेज लावून डोके सरळ करावे. यासाठी खर्च जवळजवळ नाही. अनेक ठिकाणी एवढे केल्यावरच निम्म्या तक्रारी मिटतील. मशीनचा बेडच झिजून खड्डा पडलेला असेल, तर त्यावर डीआरओ लावणे म्हणजे मोडक्या खाटेवर रेशमी चादर अंथरणे होय.

कोणती पट्टी कोणासाठी

बाजारात मुख्यतः तीन जातीच्या पट्ट्या आहेत. प्रत्येकीचे गुण आणि दोष वेगळे आहेत.

पहिली काचेची. हिच्यात ॲल्युमिनिअमच्या खोळीत काच असते आणि काचेवर बारीक रेघा आखलेल्या असतात. नेहमीच्या पट्टीत एका मिलिमीटरमध्ये अशा ५० रेघा असतात, म्हणजे रेघ आणि फट मिळून २० मायक्रॉन. हेड त्याचे चार भाग पाडते आणि ५ मायक्रॉनचा आकडा मिळतो. ही पट्टी भरवशाची आहे. पण खोळीचे रबरी ओठ वर किंवा कटरच्या बाजूला येतील अशी ती बसवली तर कूलंट आणि कीस आत जातो. ती कापून लहान करता येत नाही, म्हणून योग्य लांबीचीच घ्यावी लागते.

दुसरी चुंबकीय. हिला तेल आणि कूलंटची फारशी भीती नाही. ती अंगाने बारीक असते, हव्या त्या लांबीला कापता येते आणि लहान मशीनवर जागा कमी खाते. दोष एवढाच की लोखंडी कीस तिला चिकटतो, म्हणून वर झाकण हवे. शिवाय डायल गेजचा चुंबकी स्टँड तिच्यावर ठेवला तर पट्टीवरील नोंद बिघडते. ही एक गोष्ट हाताखालच्या पोराला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी.

तिसरी डिजिटल व्हर्निअरच्या जातीची. सर्वांत स्वस्त. साधारण ०.०१ मिलिमीटरचा आकडा दाखवते. पण ओलाव्याने तिचे आकडे उड्या मारतात आणि सरकत्या टेबलामागे पडदा थोडा उशिरा धावतो. कोरडे काम असेल, पितळ-ॲल्युमिनिअमचे लहान जॉब असतील आणि खिशात पैसे कमी असतील, तर सुरुवातीला ही वाईट नाही. जिथे दिवसभर कूलंट वाहते तिथे हिच्या नादी लागू नये.

बसवण्यातच खरे कसब

किट विकत घेणे सोपे आहे. बसवणे हे कारागिराचे काम आहे आणि इथेच आपल्या लोकांना फायदा आहे. मशीनच्या अंगात भोके पाडायची असतात, तेव्हा आत स्क्रू कुठे आहे, तेलाची नळी कुठे आहे, स्लाइडचा भाग कुठे संपतो हे आधी पाहावे. लहान मशीनवर टेबलाच्या मागे जाड पट्टी बसवली तर आडव्या दिशेची चाल तेवढीच कमी होते. आधीच चाल कमी, त्यात ही घट. पट्टी पुढे बसवली तर टेबलाचे लॉक आणि स्टॉप अडतात. म्हणून आधी पुठ्ठ्याचे तुकडे लावून टेबल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे आणि मगच भोक पाडावे.

पट्टी स्लाइडला समांतर हवी. इथे एक हिशेब पाहण्यासारखा आहे. ३०० मिलिमीटरच्या पट्टीचे एक टोक १ मिलिमीटर वाकडे बसले तर मापात पडणारा फरक २ मायक्रॉनपेक्षाही कमी आहे. वाकडेपणा ३ मिलिमीटर झाला की तो फरक १५ मायक्रॉन होतो, कारण तो वाकडेपणाच्या वर्गाने वाढतो. मग समांतरपणाचा एवढा आग्रह कशासाठी? कारण काचेच्या बंद पट्टीत हेड एका अरुंद खोबणीत चालते. पट्टी वाकडी असली की हेड घासते, अडकते आणि काही महिन्यांत काचेवर ओरखडे पडतात. म्हणून पट्टीच्या अंगावर डायल गेज फिरवून फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आणावा. हेड पकडून ठेवणारे कंपनीचे तुकडे पेच आवळून होईपर्यंत काढू नयेत.

वायर अशी न्यावी की टेबल टोकाला गेल्यावर ती ताणली जाऊ नये आणि चिमट्यातही सापडू नये. मोटारीची वायर आणि डीआरओची वायर एकत्र बांधू नये. मोटारीला वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह असेल तर त्याच्या विजेच्या खळबळीने आकडे आपोआप हलू लागतात. मशीनला चांगले अर्थिंग हवे. वीज गेली तर काय, हा प्रश्न आपल्याकडे विचारायलाच हवा. काचेच्या बहुतेक पट्ट्यांवर ठरावीक अंतराने खुणेच्या रेघा असतात. काम सुरू करताना त्या खुणेपासून शून्य किती दूर आहे ते नोंदवून ठेवले, तर वीज आल्यावर जॉब न हलवता शून्य परत मिळवता येते. पडद्यात ही सोय कशी चालते ते विकणाऱ्याकडून दुकानातच समजून घ्यावे.

बसवून झाल्यावर पडद्यावर विश्वास ठेवण्याआधी परीक्षा घ्यावी. टेबलावर ५० मिलिमीटरचा स्लिप गेज ठेवावा, स्पिंडलला डायल गेज लावावे, एका कडेवर शून्य करावे, गेज काढून मागच्या ठोकळ्याच्या कडेवर यावे. पडद्याने ५०.००च्या जवळ काय दाखवले ते लिहून ठेवावे. दोन्ही बाजूंनी, टेबलाच्या दोन-तीन जागी हे करावे. तो कागद भिंतीवर लावावा. आपले मशीन कोणत्या मापापर्यंत खरे बोलते हे त्या कागदावरून कळते.

व्यापारी बंधूंना दोन शब्द

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात आपले अनेक व्यापारी बंधू आहेत. त्यांना आमचे सांगणे स्पष्ट आहे. खोक्यावर ‘५ मायक्रॉन’ असे छापलेले असते. तो पडद्यावर दिसणारा सर्वांत लहान टप्पा आहे. पट्टी स्वतः किती अचूक आहे हा वेगळा आकडा असतो, तो कंपनीच्या कागदावर असतो. आणि त्या मशीनवर काम किती अचूक होईल हा तिसराच आकडा, तो मशीनच्या तब्येतीवर ठरतो. जुन्या झिजलेल्या मशीनच्या मालकाला ‘हे लावा, पाच मायक्रॉनचे काम होईल’ असे सांगून खोके देणे ही मापातली लबाडी आहे. माप-तोलात खोट करू नये ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळाली आहे. तराजूला ती लागू आहे तशी मोजयंत्र विकणाऱ्याच्या जिभेलाही लागू आहे.

यातला धंद्याचा मुद्दाही पाहा. खोके विकून नफा एकदाच होतो आणि तेच खोके दुसऱ्या दुकानात शंभर रुपये कमी किमतीला मिळते. पण जो दुकानदार एक चांगला फिटर हाताशी ठेवेल, मशीन पाहून योग्य पट्टी सुचवेल, बसवून देईल, स्लिप गेज लावून परीक्षेचा कागद देईल आणि अर्धा दिवस शिकवून येईल, त्याचे गिऱ्हाईक तुटणार नाही. आयटीआयमधून किंवा छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेतून शिकलेल्या आपल्या तरुणांसाठी हा स्वतंत्र रोजगार होऊ शकतो. थोडी हत्यारे, एक मोटारसायकल आणि प्रामाणिक जबान एवढ्या भांडवलावर तो सुरू होतो.

उस्तादांचा आक्षेप

काही जुने उस्ताद म्हणतील, आम्ही आयुष्यभर डायलवर आणि कानावर काम केले, आमचे काम चुकले नाही. हे पडदे आले की पोरांचा हात जाईल. या आक्षेपात तथ्य आहे, तो हसून उडवून देऊ नये. फक्त पडद्याकडे बघणारा मुलगा कटर बोथट झाल्याचा आवाज ऐकत नाही, वाइसमध्ये जॉब उचलला गेल्याचे त्याला जाणवत नाही. लोखंड तापून वाढते हेही तो विसरतो. १०० मिलिमीटरचा लोखंडी तुकडा १० अंश तापला तर ०.०१ मिलिमीटरपेक्षा थोडा जास्तच लांबतो. पडद्याला यातले काहीच कळत नाही.

पण उस्तादांनी एका गोष्टीचा विचार करावा. फेरे मोजणे हे कसब आहे का? आमच्या मते ते मुनीमाचे काम आहे. कसब म्हणजे जॉब कसा बांधायचा, कोणती कड आधी घ्यायची, किती खोल कापायचे, कुठे थांबायचे. ८० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सहा भोके पाडायची असतील तर आज उस्ताद कागद-पेन घेऊन बसतात. कोन आणि अंतरे काढतात. एक भोक ४०.००वर, पुढचे एका दिशेने २०.०० आणि दुसऱ्या दिशेने ३४.६४वर, अशी सहाही काढून मग फेऱ्यांत बदलतात. डीआरओमध्ये व्यास आणि भोकांची संख्या घातली की तो एकेका भोकाची जागा दाखवतो. दोन्ही आकडे शून्य होईपर्यंत टेबल न्यायचे आणि भोक पाडायचे. वाचलेला वेळ आणि शाबूत राहिलेले डोके उस्तादांनी खऱ्या कसबासाठी वापरावे. वय झालेल्या, डायलवरच्या रेघा नीट न दिसणाऱ्या कारागिराला तर मोठ्या ठळक आकड्यांचा पडदा आणखी काही वर्षे काम देऊ शकतो. हा फायदा लहान नाही.

शागिर्दांसाठी आम्ही एक नियम सुचवतो. पहिले सहा महिने पडदा झाकून ठेवावा. मुलाने डायलवर, झोल सांभाळून, एकाच बाजूने येऊन माप धरायला शिकावे. मग पडदा उघडावा. असा शिकलेला मुलगा पडदा बंद पडला तरी दुकान बंद ठेवणार नाही.

हिशेब मांडूनच निर्णय घ्या

शेवटी पैशाची गोष्ट. समजा किट आणि बसवणूक मिळून ३० हजार रुपये खर्च आला. समजा तुमच्याकडे महिन्याला मापामुळे चार तुकडे बाद होतात आणि माल-मजुरी धरून प्रत्येकी ४०० रुपये जातात. ते झाले १,६०० रुपये. रोज ४० मिनिटे वाचली तर २५ दिवसांत साधारण साडेसोळा तास वाचतात. तासाला २०० रुपयांचे काम मिळत असेल तर ते ३,३०० रुपये. एकूण ४,९०० रुपये, म्हणजे सहा महिन्यांच्या आसपास खर्च वसूल. आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या वहीतले आकडे घालून हाच हिशेब मांडावा. वाचलेल्या वेळात भरायला काम नसेल तर तो वेळ कमाई देत नाही, हेही लक्षात ठेवावे.

ज्यांचे काम फक्त सपाटी करणे, खाचा पाडणे, तुटलेले भाग डागून घासणे एवढेच आहे, त्यांनी हे घेऊ नये. त्यांना चांगले व्हर्निअर आणि डायल गेज पुरेसे आहे. ज्यांच्याकडे भोकांच्या जागांचे, डायचे, फिक्स्चरचे काम येते, किंवा यावे अशी इच्छा आहे, त्यांनी जरूर विचार करावा. पैसे कमी असतील तर आधी टेबलाच्या दोनच दिशांना बसवावे. लहान मशीनवर डोके दातेरी पट्टीवर वर-खाली होत असेल, तर मात्र तिसरी, खोलीची पट्टी फार पुढे ढकलू नये, कारण तिथेच सर्वांत जास्त चुका होतात. यासाठी कर्ज काढण्याची गरज नाही. एक-एक पट्टी वाढवत जाता येते.

ज्या दिवशी आपला कारागीर ड्रॉइंग हातात घेऊन ‘हे जमेल, मापून घ्या’ असे गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणेल, त्या दिवशी भावाची घासाघीस निम्मी होईल. ती हिंमत आकड्यांचा पडदा एकटा देऊ शकत नाही. सरळ केलेले मशीन, नीट बसवलेली पट्टी, भिंतीवरचा परीक्षेचा कागद आणि शिकलेला हात हे चारही एकत्र आले तर येते. तेव्हा कारागीर बांधवांनो, दुकानात किंमत विचारायला जाण्याआधी येत्या सुट्टीच्या दिवशी पाना आणि डायल गेज घ्या आणि आपल्याच मशीनचा झोल किती आहे ते मोजा. जो आकडा निघेल तो वहीत लिहा. पुढचा निर्णय त्याच आकड्यावर घ्या.